चांगलं ठरवायचं कशावरून?

मुलांनो, समजा, वर्गाची काच फुटली. कुणी फोडली ते कळेना. बाई म्हणाल्या, "नाव सांगा, नाहीतर सगळ्यांची सहल रद्द!" तेवढ्यात कुणीतरी कुजबुजलं, "त्या नव्या मुलाचं नाव सांगून टाकू. शिक्षा एकाला, सहल चाळीस जणांना!" हिशेब तर जमला. मग मनाला टोचतं ते काय?

चांगलं-वाईट ठरवायचं कशाच्या आधारावर, यावर आपल्या पुण्यातल्या दोन मित्रांनी खूप विचार केला. गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक. १८८२ साली दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढलं. मिल, स्पेन्सर यांचे ग्रंथ त्यांनी वाचले होते. त्यांचं म्हणणं असं, की रूढी जुनी आहे एवढ्यानं ती चांगली ठरत नाही. तिनं माणसांचं भलं होतं की हाल, ते बुद्धीनं तपासा. बालविवाह आणि विधवांचं केशवपन यांना त्यांनी विरोध केला, तो म्हणूनच.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी 'पुष्कळांचं पुष्कळ सुख' या मिलच्या कसोटीचीच परीक्षा घेतली. कौरवांचं सैन्य अकरा अक्षौहिणी, पांडवांचं सात. मग डोकी मोजून कौरवांची बाजू खरी मानायची का? लाच देऊन शहरात ट्राम आणली, लोकांची सोय झाली, म्हणून लाच चांगली का? टिळकांच्या मते नुसता परिणाम पुरत नाही. करणाऱ्याची बुद्धी शुद्ध आणि सर्वांना सारखं मानणारी हवी.

मग टिळक जिंकले? थांबा हं! दुसऱ्याच्या मनातली बुद्धी आपल्याला दिसते कुठे? केशवपन करायला लावणाऱ्या घरच्यांनाही आपण धर्मच पाळतोय, असं वाटायचं. पण हाल व्हायचे ते त्या मुलीचे. तिथे आगरकरांचाच प्रश्न विचारावा लागतो.

म्हणजे एकाची कसोटी जिथे अडते, तिथे दुसऱ्याची उपयोगी पडते. म्हणून दोन्ही प्रश्न जवळ ठेवा: 'यानं कुणाचे हाल होतात?' आणि 'माझ्या मनात नक्की काय आहे?'

या आठवड्यात घरातला एखादा नियम या दोन प्रश्नांनी तपासून बघा. जेवणानंतर ताटं मुलींनीच उचलायची, असा नियम असेल, तर आधी तोच घ्या. आणि आई-बाबा, मुलांनी 'का?' विचारलं, तर रागावू नका बरं!