पंधरा कप की एक कप?

पहिल्या पापनिवेदनाच्या तयारीला बसलेली आमची सात-आठ वर्षांची मुले पापांची यादी मोठ्या उत्साहाने करतात. कधीकधी शेजारच्या मुलाचीसुद्धा! त्या यादीत फुटलेली बरणी असते, मनात धरलेला राग नसतो.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचे मुलांच्या नीतिविचारावरचे पुस्तक १९३२ साली आले. त्याने मुलांना विचारले होते : दार ढकलताना नकळत पंधरा कप फोडणारा जास्त दोषी, की चोरून जॅम घेताना एकच कप फोडणारा? लहान मुले बहुधा पंधरा कपवाल्याला दोषी ठरवत. मोठी मुले हेतू पाहत. हे वयाचेच आहे. पण मोठ्यांच्या रागावण्यानेही ते पक्के होते, असे त्याचे म्हणणे होते आणि आम्हाला ते पटते. आपणही नुकसान मोजूनच रागावतो. मोबाइल पडला की थप्पड. धाकट्या बहिणीला टाकून बोलला तर कानाडोळा.

विचारपूस करत बसलो तर धाक राहत नाही, असे काही पालक म्हणतात. नुसत्या धाकाने मूल लपवायला शिकते. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल मुलांना आज्ञापालन सांगतो आणि लगेच वडिलांनाही बजावतो, की मुलांना संताप येईल असे वागू नका. आपल्याला पहिला भागच पाठ असतो.

पुढच्या वेळी काही फुटले, तर आधी विचारा, “बाळा, तेव्हा तुझ्या मनात काय होतं?” उत्तर यायला वेळ लागेल. काचा तोवर आपणच गोळा कराव्यात.