सुकाणू कोणाचे?

उत्सवाचे दिवस जवळ आले की देवस्थानच्या कार्यासाठी एक ‘सुकाणू समिती’ नेमावयाची, ही रीत आता आपल्या समाजात रूढ झाली आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या भोपाळातील मराठी-कोकणी मंडळींनाही या शब्दाचे नवल वाटत नाही. तथापि या निरुपद्रवी शब्दावरून आपल्यांत दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, शब्द यावनी आहे, देवळाच्या कागदावर तो नको. दुसरा त्याच्या बचावास धावतो आणि ‘सु’ व ‘कर्ण’ यांची मोट बांधून तो शुद्ध संस्कृत असल्याचा निर्वाळा देतो. आम्हांस हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत. त्यांतही बचाव करणारा अधिक, कारण तो खोट्याच्या आधारे खऱ्याचे रक्षण करू पाहतो.

सुकाणू हा शब्द अरबी ‘सुक्कान’ यापासून आला, यात शंका घेण्यास जागा नाही. अरबीत त्याचा अर्थ गलबताची दिशा फिरविणारे साधन असाच आहे. गुजरातीत ‘सुकान’ झाले, मराठीत व कोकणीत थोड्या उच्चारभेदाने तेच रुळले. ते धरणाऱ्या खलाशास ‘सुक्कानी’ म्हणत. इंग्रजांनी त्याचे ‘सीकनी’ केले आणि १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याची नोंद झाली. ‘सु’ आणि ‘कर्ण’ यांची येथे काहीही गरज नाही.

मग आपल्या पूर्वजांजवळ शब्द नव्हता काय? होता, एक नव्हे, अनेक होते. अमरकोशात या साधनास ‘अरित्र’ आणि ‘केनिपातक’ अशी नावे आहेत. ‘कर्ण’ म्हणजेही सुकाणूच, आणि तो धरणारा तो ‘कर्णधार’. परंतु ऋग्वेदात पाहावे तो ‘अरित्र’ म्हणजे वल्हे! अर्थ वल्ह्यावरून सुकाणूवर सरकला, हे आश्चर्य नव्हे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील जहाजाच्या चित्रात नाव वळविण्याचे साधन म्हणजे मागील बाजूस लावलेली मोठी वल्हीच आहेत. इंग्रजांच्या ‘स्टारबोर्ड’ या शब्दातही हीच कथा दडली आहे: ज्या बाजूस वळविण्याचे वल्हे, ती बाजू. साधन पालटले, अर्थ पालटले. जो शुद्ध शब्द परत आणावयाचा, तो वेदातील आणावयाचा की अमरसिंहाचा?

शुद्धिवादी मंडळी शिवकालीन राज्यव्यवहारकोशाचा दाखला देतात. त्या ग्रंथाविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु त्याच शिवछत्रपतींच्या आरमारात ‘दर्यासारंग’ हा किताब फारसी रूपातच मानाने नांदत होता, हेही ध्यानात ठेवावे. दरबारातील पत्रव्यवहाराची भाषा घडविता येते. तुफानात एकमेकांस हाक मारणाऱ्या खलाशांची भाषा त्यांच्या सहवासातून घडते. बंदर, जहाज, खलाशी हे शब्द गाळले, तर आपल्या किनाऱ्याचा निम्मा इतिहास मुका होईल.

आणि देवघेव एकतर्फी नव्हती. गोव्यात कुंभारजुव्यास गणेशविसर्जनाच्या वेळी होड्या जोडून जो ‘सांगोड’ काढतात, त्याचे मूळ संस्कृत ‘संघाट’. हाच शब्द मलबारच्या भाषेतून पोर्तुगीजांनी उचलला, त्याचे ‘जंगाडा’ केले, आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे कोळी आपल्या तराफ्यास आजही तेच नाव देतात. त्या कोळ्यांनी उद्या ‘हा शब्द हिंदूंचा, टाकून द्या’ असे म्हटले, तर आपण त्यांस शहाणे म्हणू काय?

भोपाळकरांनी तर याबाबतीत अधिक समंजस असावयास हवे. येथील मोठा तलाव ज्या राजा भोजाने बांधला असे परंपरा सांगते आणि ज्याचे अपूर्ण राहिलेले शिवालय भोजपुरास उभे आहे, त्याच्याच नावावर ‘युक्तिकल्पतरु’ हा ग्रंथ आहे. त्यात नौकांचे प्रकार व मापे सांगितली आहेत. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या माळव्यातील राजाच्या नावे नौकाशास्त्र सांगितले जाते, ही व्यापक दृष्टी आपला वारसा आहे. शब्दांची सोवळीओवळी नव्हे.

वस्तुतः परका असेल तर शब्द नव्हे. परकी आहे ती समिती! ‘सुकाणू समिती’ हा इंग्रजी कचेरीतील शब्दप्रयोगाचा सरळ तर्जुमा आहे. नावाडी एका सुकाणूस दहाजणांचे हात कधी लावू देत नाही. शब्दाच्या जातीची चौकशी करणाऱ्यांनी त्याच्या अर्थाची चौकशी केली असती, तर देवस्थानांचे अधिक कल्याण झाले असते.

तो अर्थ काय? ग्रीक भाषेत सुकाणू धरणाऱ्यासाठी जो शब्द होता, तो लॅटिनमधून येऊन इंग्रजीत ‘गव्हर्नर’ झाला. म्हणजे राज्य करणे हे मुळात नाव हाकणे होते. सुकाणू धरणारा नावेचा धनी असेलच असे नाही. पाळी संपली की ते दुसऱ्याच्या हाती देणे हा त्याचा धर्म. सुकाणू शिडासारखे मिरवत नाही, पाण्याखाली राहून काम करते. आणि मुख्य गोष्ट अशी की, उभ्या नावेत सुकाणू कितीही फिरविले तरी नाव वळत नाही. प्रवाहाच्याच गतीने वाहत जाणाऱ्या नावेतही ते निरुपयोगी ठरते. त्यास वल्हेकऱ्यांचे श्रम किंवा शिडातील वारा लागतो.

आमच्या देवस्थानांतून वर्षानुवर्षे तेच हात सुकाणूवर आहेत, आणि वल्ही मारण्यास तरुण मिळत नाहीत अशी तक्रारही तेच हात करीत आहेत. तेव्हा शब्द बदलण्याचा ठराव ज्यांना मांडावयाचा असेल त्यांनी तो मागे घ्यावा, आणि पाळी बदलण्याचा ठराव मांडावा. त्यास आमचा पाठिंबा राहील.