मोबाईल हिसकावण्याआधी

जालन्यातल्या आमच्या वस्तीत दहावीचा एक मुलगा रात्री दोनपर्यंत ऑनलाइन गेम खेळतो. विचारलं तर म्हणाला, "सिस्टर, तिथं मी टोळीचा सरदार आहे. आडनाव कुणी विचारत नाही."

प्रत्येक खेळणारा आजारी नसतो. खेळावरचा ताबा सुटला, शाळा-झोप-जेवण मागं पडलं, नुकसान दिसूनही थांबता येईना आणि असं साधारण १२ महिने चाललं, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते.

मारझोड करून, मोबाईल फोडून हे सुटत नाही. रात्री मोबाईल आईवडिलांजवळ राहू द्या. विहारातल्या अभ्यासिकेची किल्ली मुलाच्या हाती द्या. मान इथंही मिळतो, हे त्याला कळू द्या. तरीही सुटेना, तर टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करा. सल्ला मराठीत आणि मोफत मिळतो.