दिवसा रिकामं, रात्री भरलेलं

मैत्रिणींनो, झाड छाटायला माळी आला की आपण खालून सूचना देत असतो. "ही फांदी उतरवा, आणि ते वाळकं जाळं दिसतंय ना, तेही काढून टाका हो." माझ्या वन्संनी अगदी हेच केलं. त्या असतात अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात, म्हणजे सोनोराच्या वाळवंटात. जानेवारीत त्यांनी अंगणातलं काटेरी झाड छाटून घेतलं. एका फांदीच्या टोकाला काट्याकुट्यांचा नारळाएवढा गोळा होता. आत डोकावून पाहिलं, कोणी नव्हतं. गोळा कचऱ्यात गेला. दिवेलागणीला मात्र एक इवलासा पक्षी आला आणि फांदी होती त्या मोकळ्या जागेपाशी पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालू लागला.

"अगं, मला त्या रात्री जेवण गेलं नाही," वन्सं फोनवर म्हणाल्या. "कुणाचं तरी घर मोडलं मी."

या पक्ष्याला तिकडे व्हर्डिन म्हणतात. अमेरिकेचा नैऋत्य भाग आणि उत्तर मेक्सिको इथल्या कोरड्या मुलखात तो राहतो. अंग राखाडी, डोकं पिवळं, खांद्यावर तांबूस ठिपका. वजन किती म्हणाल, तर दीड चहाचा चमचा साखर घ्या. सहा-सात ग्रॅम, बस्स! आवाज मात्र खणखणीत. तो राहतो मेस्किटसारख्या काटेरी झाडांत. आपल्याकडे रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ असते ना, ती या मेस्किटचीच सख्खी बहीण, अमेरिकेतूनच इकडे आलेली.

आपल्या सुगरणीसारखाच हाही घर बांधण्यात तरबेज. सुगरण म्हणतो आपण, पण विणकाम करतो तो नर, हे तुम्हांला ठाऊक असेलच. इथे दोघांची वाटणी आहे. बाहेरचा काटेरी सांगाडा बहुतेक नरानं रचायचा आणि आतली गादी मादीनं करायची. काट्यांची टोकं बाहेर, त्यामुळे आत हात घालायची कोणाची छाती नाही. अशा एका घरट्यात दोन हजारांपर्यंत काटक्या लागतात. आतून कोळ्याची जाळी, गवत, पानं आणि वर पिसांचं मऊ अस्तर. दार लहानसं, बाजूला. मादी त्यात साधारण चार ठिपकेदार अंडी घालते.

पण खरी गंमत पुढे आहे. बहुतेक पक्ष्यांना घरटं लागतं ते बाळंतपणापुरतं. पिल्लं उडाली की घराशी संबंध संपला. व्हर्डिन मात्र झोपण्यासाठी वेगळी घरटी बांधतो, आणि तीही वर्षभर. मोठे पक्षी झोपतातही एकेकटे, नवऱ्याची खोली वेगळी, बायकोची वेगळी! हिवाळ्यात वाळवंटातल्या रात्री बोचऱ्या थंड असतात. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठवलेली ऊब ती किती? म्हणून थंडीतल्या घरट्याला अस्तर जास्त जाड. तेच त्याचं पांघरूण.

दाराची दिशासुद्धा हवामान पाहून. वसंताच्या सुरुवातीला, गारवा असताना बांधलेल्या घरट्यांची दारं वाऱ्याकडे पाठ करून असतात. उन्हं तापल्यावर बांधलेल्यांची दारं वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे आत झुळूक यावी. आपण नाही का उन्हाळ्यात खाट खिडकीशी ओढत?

उन्हाळा तरी कसला! २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. अशा दिवसांत व्हर्डिन भर दुपारी गर्द सावली धरून बसतो, खाणं शोधणंही कमी करतो. उन्हात आला तर अंगातलं पाणी झपाट्यानं उडून जातं. पाणी तो फारसा पीत नाही. किडे, अळ्या, फळं आणि फुलांतला मध यांतूनच त्याची तहान भागते. तिकडे बायका गुणगुण पक्ष्यांसाठी साखरपाणी टांगतात, एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी, रंग अजिबात नाही. त्यावर हाही हळूच ताव मारून जातो.

अमेरिकेत १९१८च्या कायद्यानं अंडी-पिल्लं असलेलं घरटं मोडायला बंदी आहे. पण हिवाळ्यातलं झोपायचं घर दिवसा रिकामंच दिसणार. घरधनी कामावर गेलेला! कुलूप दिसलं म्हणून आपण शेजारचं घर ओस पडलं असं म्हणतो का? हा पक्षी अजून दुर्मीळ झालेला नाही, परंतु १९६६पासून होत असलेल्या गणतीत त्याची संख्या घटत चालली आहे. वाळवंटात वस्त्या वाढल्या, काटेरी झाडं गेली. मग जी झाडं उरली आहेत ती जरा पाहून छाटावीत, नाही का?

आपल्याकडेही जांभळ्या शिंजीराचं घरटं असंच फसवं असतं. पानं, साली, कोळ्याची जाळी, सगळं लोंबणारं. केरसुणी मारून काढून टाकावं असं वाटतं. म्हणून एक करा. माळ्याला बोलावण्याआधी दोन-तीन दिवस, संध्याकाळी आणि सकाळीही, चहाचा कप घेऊन झाडाकडे बघत बसा. कोणी आत-बाहेर करत असेल तर ती फांदी राहू द्या. ती थोडे दिवस वेडीवाकडी दिसली तर काय बिघडलं?

वन्संचा परवा फोन होता. शेजारच्या झाडात काटक्यांचा नवा गोळा दिसतोय म्हणाल्या. तोच पक्षी की दुसरा, ते सांगता येत नाही. पण आता रोज दिवे लावायच्या वेळी त्या खिडकीशी उभ्या असतात. पक्षी आत शिरला की मगच स्वयंपाकाला लागतात.