एक भूत पुरे होतं!

लग्नातल्या बुफेत एक प्लेट हमखास दिसते. पावभाजीच्या शेजारी नूडल्स, नूडल्सवर डोसा, डोशाच्या टोकाला चटणी आणि या सगळ्याखालून वाहणारा गुलाबजामचा पाक. प्लेटचा मालक खूश असतो. त्याला वाटतं, आपण काही सोडलं नाही. चव कशाचीच लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

ही प्लेट मी पडद्यावर पाहिली ती २००४ मध्ये. नाव होतं ‘व्हॅन हेल्सिंग’. दिग्दर्शक स्टीफन सॉमर्स, म्हणजे ‘द ममी’वाला. १९९९ मधल्या त्या ‘ममी’ने आम्हा कॉलेजच्या पोरांना वेड लावलं होतं. त्यामुळे अपेक्षा सॉलिड होत्या. त्यात हीरो ह्यू जॅकमन, हिरॉइन केट बेकिन्सेल आणि बजेट सुमारे १६ कोटी डॉलर. पुण्यात नवी नोकरी, हातात पहिला पगार. साताऱ्याहून आलेल्या बाबांना म्हटलं, ‘चला, मल्टिप्लेक्स दाखवतो.’

बाबा शाळामास्तर. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. सिनेमाही ते वर्गात बसल्यासारखा बघतात. शंका आली की तिथल्या तिथे विचारायची.

सुरुवात खरंच भारी आहे बरं का. १८८७ सालचं ट्रान्सिल्वेनिया, सगळं ब्लॅक अँड व्हाइट. मशाली घेतलेला जमाव, वीज, डॉक्टर फ्रँकेन्स्टाइनची प्रयोगशाळा, जळणारी पवनचक्की. १९३१ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओने ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ काढले होते, त्यांना केलेला हा मस्त सलाम. बाबाही सरसावून बसले.

मग रंग आले आणि घोळ सुरू झाला.

एक वर्षानंतर पॅरिस. मागे अर्धवट बांधलेला आयफेल टॉवर, पुढे नोत्र दाममध्ये मिस्टर हाइड. अवाढव्य, सिगार ओढणारा. हाणामारी होते, हाइडसाहेब खिडकी फोडून खाली, खेळ खलास. ‘हा कोण होता?’ बाबांनी विचारलं. ‘मिस्टर हाइड. दुसऱ्या पुस्तकातला.’ ‘मग इथे कशाला आला?’ मी पॉपकॉर्न पुढे केलं.

तिथून रोम. व्हॅटिकनच्या तळघरात राक्षसांचा बंदोबस्त करणारं गुप्त खातं. तिथला कार्ल नावाचा धर्मबंधू शस्त्रं बनवतो. बाणांचा पाऊस पाडणारं यंत्र तर आहेच, शिवाय सूर्यासारखा लख्ख उजेड पाडणारा एक गोळाही त्याने बनवलाय. कशासाठी, ते त्यालाच माहीत नाही! निघालेत रक्तपिपासू ड्रॅक्युलाला मारायला, जवळ आहे बाटलीबंद सूर्य, आणि हा म्हणतो, उपयोग सुचत नाही. आमच्या ऑफिसात असे इंजिनिअर पाहिलेत म्हणून मी विश्वास ठेवला.

मग ट्रान्सिल्वेनिया. आता एक-एक मोजा. ड्रॅक्युला. त्याच्या तीन उडत्या बायका. लांडगा-माणूस, म्हणजे वेअरवुल्फ. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस. कुबडा इगोर. शिवाय ड्रॅक्युलाची छताला टांगलेली हजारो पिल्लं, जी जिवंत होतात, उडतात आणि फटाक्यासारखी फुटतात. हिरॉइनच्या घराण्याच्या नऊ पिढ्या वेगळ्याच. ड्रॅक्युला मेल्याशिवाय त्यांना स्वर्गात एन्ट्री नाही. नऊ पिढ्या वेटिंग लिस्टवर!

‘हा धिप्पाड कोण?’ बाबा.
‘फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस.’
‘पवनचक्कीत जळाला तो?’
‘तोच.’
‘जळाला ना?’
‘वाचला.’
‘सगळेच वाचतात,’ बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला काढला.

खोटं नव्हतं ते. यातली माणसं कौलांवरून पडतात, झाडांवर आपटतात, भिंतीतून आरपार जातात आणि उठून केस सारखे करतात. जमिनीवर चालणं तर कमीपणाचंच. जो तो दोरीला लटकून इकडून तिकडे. एवढा सराव केला असता तर मल्लखांबात मेडल मिळालं असतं.

पण खरी गंमत प्लॉटमध्ये आहे. ड्रॅक्युलाला फक्त वेअरवुल्फ मारू शकतो. मग शहाण्या माणसाने काय करावं? लांडगे हाकलून द्यावेत. हा पठ्ठ्या त्यांनाच नोकरीला ठेवतो! वर, उद्या एखादा उलटला तर, म्हणून त्यांना माणसात आणणारं औषधही किल्ल्यातच ठेवतो. शत्रूला शोधाशोध नको.

आणि क्लायमॅक्स? मध्यरात्रीचा बारावा ठोका पडायच्या आत ते औषध टोचायचं असतं. ठोके सुरू होतात. मारामारी होते, पूल तुटतात, दोरीवरून ये-जा होते, भाषणंही होतात. आणि घड्याळ बिचारं थांबून थांबून वाजतंय. बाबा म्हणाले, ‘आमच्या शाळेचा शिपाई असाच घंटा द्यायचा. चहा पिऊन येऊन दुसरा टोला.’ पुढच्या रांगेतला एक जण खो-खो हसला. सिनेमातल्या कुठल्याही विनोदाला तो तेवढा हसला नव्हता.

खरं तर भुतांची अशी गर्दी ही काही सॉमर्सची आयडिया नाही. युनिव्हर्सलने १९४४ च्या ‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्येच संमेलन भरवलं होतं. १९४८ मध्ये तर त्यांनी याच मंडळींना ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीसमोर उभं केलं. म्हणजे एका घरात फार भुतं झाली की कॉमेडी होते, हे स्टुडिओला आधीपासून ठाऊक होतं. फक्त १६ कोटी डॉलर खर्च करताना कुणाला आठवलं नाही. सिनेमाने जगभरात ३० कोटींच्या आसपास कमावले, पण दुसरा भाग काही निघाला नाही.

ब्रॅम स्टोकरची मूळ कादंबरी १८९७ ची. तिच्यातला व्हॅन हेल्सिंग हा अब्राहम नावाचा वयस्कर डच प्रोफेसर. लेदरचा कोट नाही की मशीनगनसारखं धनुष्य नाही. लसूण, क्रूस आणि चिकाटी एवढ्यावर लढतो. आणि ड्रॅक्युला? सुरुवातीची प्रकरणं सोडली तर तो फारसा समोर येतच नाही. तरी पानापानावर त्याची चाहूल आहे. नारायण धारप वाचून रात्री पाणी प्यायला उठायची भीती वाटलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

सिनेमा सुटला. अकरा वाजून गेलेले. बाबा बाइकवर मागे. डेक्कन ओलांडल्यावर म्हणाले, ‘याला कुणी सांगितलं नाही का रे, की एक भूत पुरे?’

मग त्यांनी सांगितलं. ते नवीन मास्तर असताना नदीपलीकडच्या गावात नेमणूक होती. एकदा उशीर झाला. घाटाच्या पिंपळावर मुंजा आहे असं लोक म्हणायचे. सायकल पिंपळाखाली आली आणि मागून दुसऱ्या सायकलची घंटी वाजली. एकदाच. हे थांबले, मागे काही नाही. निघाले, तर पुन्हा घंटी. घरापर्यंत तशीच सोबत.

‘मग? कोण होतं?’ मी बाइक हळू केली होती.
‘बघितलंच नाही.’

त्या रात्री मी लाइट चालू ठेवून झोपलो. ड्रॅक्युलासाठी नाही, हे सांगायला नकोच.

गेल्या महिन्यात साताऱ्याला गेलो होतो. दीड दिवसासाठी. सोबत लॅपटॉप, दोन फोन, तीन कॉल. ‘वेळ नाही’ हे वाक्य तर मी आता झोपेतही म्हणत असेन. बुफेची प्लेट म्हणतो ना, ती हल्ली माझ्याच हातात असते. बाबा आता ७८ वर्षांचे. रात्री टीव्हीवर नेमका ‘व्हॅन हेल्सिंग’ लागला होता. आम्ही दोघं बघत बसलो. पॅरिसलाच बाबांचा डोळा लागला. जागे झाले ते थेट क्लायमॅक्सला.

‘अजून बारा वाजतायत का रे?’

मी इतका हसलो की फोन खाली पडला. तो पडल्या पडल्याच वाजायला लागला. बाबा म्हणाले, ‘तुझं काम असेल तर कर, मी झोपतो.’ मी फोन उलटा ठेवला. म्हटलं, ‘काम नाही. ती सायकलच्या घंटीची गोष्ट सांगा ना.’

‘कुठली घंटी?’

मला वाटलं, गंमत करतायत. करत नव्हते.

टीव्ही बंद केला आणि मीच सांगायला लागलो. नवीन नेमणूक, नदी, घाट, पिंपळ. घाई केली नाही. घंटी एकदाच वाजवली. बाबा गुडघे जवळ घेऊन लहान मुलासारखे ऐकत होते.

‘मग? कोण होतं?’ त्यांनी विचारलं.

‘बघितलंच नाही.’

बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठले आणि अंगणाकडची खिडकी लावून घेतली.