दात्यांची पाटी आणि गांवचें पाणी

मार्च महिना संपत आला कीं आमच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत एक नवा सण साजरा होऊं लागतो. ओढ्यावरच्या कोऱ्या सिमेंटच्या बंधाऱ्यास झेंडूचीं तोरणें बांधलीं जातात, मुंबई-पुण्याच्या मोटारी धूळ उडवीत येतात, नारळ फुटतो, संगमरवरी पाटीवरचा पडदा दूर होतो आणि कोरड्या पात्रांत उभ्या राहिलेल्या मंडळींचें छायाचित्र निघतें. तीन वर्षांपूर्वीं असल्याच एका समारंभासाठीं सोलापूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत जाण्याचा योग आम्हांस आला. गेल्या वैशाखांत त्याच वाटेनें जातांना मुद्दाम उतरून पाहिलें. बंधारा शाबूत होता, पाटीवरचीं सोनेरी अक्षरेंही शाबूत होतीं. आणि पाटीच्या शेजारींच टँकरची वाट पाहत घागरींची रांग लागली होती. पावसाळ्यांत बंधारा तुडुंब भरतो असें गांवकरी सांगतात, आणि तें खरें आहे. मग पाणी गेलें कोठें? ओढ्याच्या दोन्ही कांठांस ज्यांच्या जमिनी आहेत त्यांनीं नव्या विंधनविहिरी घेतल्या व उसाची लागण केली. चोरी कोणीच केली नाहीं. कारण तें पाणी कोणाचें, हें कोणीं ठरविलेंच नव्हतें.

आमचें म्हणणें वाचकांस कदाचित् कठोर वाटेल, तरी आडपडदा न ठेवतां सांगतों. ज्या गांवानें पाण्याच्या वांटणीचा नियम आधीं ठरविलेला नाहीं, त्या गांवच्या बंधाऱ्यास सुशिक्षित गृहस्थानें एक पैही देऊं नये. अशा देणगीनें दुष्काळ तर हटत नाहींच. उलट ज्याच्यापाशीं पंप आणि पैसा आहे त्याच्या हातीं गांवचें उरलेंसुरलें पाणी लौकर जातें, आणि त्या कामीं आपला हातभार लागतो.

याचें मूळ आमच्या भूमींतच आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस पसरलेला हा मुलूख बहुतांशीं काळ्या पाषाणाचा. गंगेकांठच्या गाळासारखीं पाण्याचीं अफाट कोठारें त्यांत नाहींत. वरचा झिजलेला मुरूम आणि खालच्या भेगा यांत मावेल तेवढेंच पाणी. बंधाऱ्यानें जिरविलेलें पाणी या सामाईक पेवांत उतरतें, आणि ज्याची विहीर खोल तो तें उपसतो. शेततळ्यांची कथा याहून चमत्कारिक आहे. पावसाचें वाहतें पाणी अडवावें म्हणून निघालेली ही कल्पना. परंतु प्लॅस्टिकचें अस्तर घातलेलीं पुष्कळ तळीं विहिरींतलें पाणी उपसून भरलीं जातात. जमिनीच्या पोटांत सावलींत असलेलें सर्वांचें पाणी वर काढावयाचें, उन्हांत उघडें ठेवावयाचें आणि एकाच्या मालकीचें करावयाचें, याला जलसंधारण म्हणावयास मोठें धार्ष्ट्य पाहिजे!

पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें या प्रश्नाचें उत्तर अर्धशतकापूर्वींच शोधलें गेलें. आमच्या दात्यांस मात्र त्याची आठवण दिसत नाहीं. १९७२ चा दुष्काळ पाहून विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते-कारखानदार अस्वस्थ झाले. त्यांनीं नायगांवीं देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन खंडानें घेतली, तेथें पाणी अडवून शेती करून दाखविली, ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापिलें, आणि त्यांतून पाणीपंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडे, पण प्रत्येक नियम कोणाच्या तरी स्वार्थास टोंचणारा. योजना एकट्यादुकट्यासाठीं व्हावयाची नाहीं, गटासाठीं व्हावयाची. पाणी जमिनीच्या मापानें न देतां घरांतल्या माणसांच्या संख्येनें द्यावयाचें: माणशीं अर्ध्या एकराचें, आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकरांचें. म्हणजे पांच माणसांच्या दोन घरांपैकीं एकाची चाळीस एकर जमीन असो व दुसऱ्याची तीन एकर असो, पाणी दोघांस सारखेंच. भूमिहीनासही वांटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकतां यावयाचा नाहीं. ऊस वर्ज्य. आणि खर्चाचा पांचवा हिस्सा सभासदांनीं स्वतः उभा करावयाचा. बाकीचा भाग सरकारी अनुदान आणि प्रतिष्ठानचें बिनव्याजी कर्ज यांतून यावयाचा. दात्याची जागा येथें कोठें आहे तें पाहावें. तो शेवटीं येतो, आणि येतो तोही सावकारापेक्षां भला व धर्मादायापेक्षां करडा होऊन. साळुंखे २००२ सालीं वारले. त्यांचे नियम महाराष्ट्रभर पसरले नाहींत, याचें आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. चाळीस एकरांचा धनी गांवचा पुढारी असतो.

हिवरे बाजारची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. परंतु पाहुणे तेथील हिरव्या टेंकड्या पाहून परततात. शेतीसाठीं विंधनविहीर घेण्यास आणि ऊस लावण्यास तेथें बंदी आहे, हें फारसे कोणी घरीं येऊन सांगत नाहींत. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेनें २०१६ पासून २०१९ पर्यंत ऐन उन्हाळ्यांत हजारों माणसें कुदळ-फावडें घेऊन माळावर उतरविलीं. हें श्रमदान आम्हीं पाहिलें आहे आणि त्यापुढें आमचें मस्तक नम्र होतें. तथापि पंचेचाळीस दिवसांच्या चुरशींत चर किती खणले हें मोजतां येतें. पुढील पंचेचाळीस वर्षें पाणी कोणी किती घ्यावें, याचा निकाल तितक्यांत लागत नाहीं. संस्थेनेंही नंतरच्या समृद्ध गांव स्पर्धेंत पाण्याच्या वापराकडे लक्ष वळविलें, ही आमच्या म्हणण्यास पुष्टीच होय.

कोणी म्हणेल, तहानलेल्यास पाणी देतांना अटी कसल्या घालतां? २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी गेलें. त्या वेळीं वांटणीचा ठराव मागणारा मनुष्य निष्ठुरच ठरता. परंतु बंधारा म्हणजे तहानलेल्याच्या हातांतला पेला नव्हे. ती मालमत्ता आहे, आणि मालमत्ता निर्माण झाली कीं तिचा मालकही निर्माण होतो. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे: शहरांतल्या माणसानें गांवास नियम शिकवावे, हा कोणता अहंकार? नियम आम्हीं शिकवावे असें आम्ही म्हणतच नाहीं. तो गांवानें करावा, भर ग्रामसभेंत करावा, आणि बायका व भूमिहीन समोर बसलेले असतांना करावा. पाणी असणें आणि पाणी मिळणें यांतलें अंतर या महाराष्ट्रास नव्यानें सांगावयास नको. जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. आणि त्यानंतर एकोणसाठ वर्षांनीं, १९२७ च्या मार्चांत, महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. तळें तर भरलेलेंच होतें.

मग दाते हें विचारीत कां नाहींत? २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक आकाराच्या कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के लोकोपयोगी कामांवर खर्च करण्याचें बंधन घातलें. हिशेबाचें वर्ष ३१ मार्चला संपतें. वांटणीचा तंटा मिटविण्यास गांवाला दोन वर्षें लागतील. यंत्र चार दिवसांत ओढा खोल करून देतें. आणि आपण मध्यमवर्गीय तरी कोठें वेगळे आहोंत? वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीची पावती व एक छायाचित्र हातीं आलें कीं आपलें समाधान होतें.

सोलापूरकडील त्या बंधाऱ्याच्या पाटीवर बारावें नांव आमचें आहे. यंदा त्याच संस्थेचें नव्या बंधाऱ्यासाठीं विनंतिपत्र आलें, तेव्हां आम्हीं उलट टपालानें तीन गोष्टी विचारल्या: वांटणीचा ठराव ग्रामसभेंत झाला आहे काय, खर्चाचा कितवा हिस्सा गांव देणार, आणि ज्यांस जमीन नाहीं त्यांच्या वांट्यास काय येणार. उत्तर मोठ्या अगत्याचें आलें आहे. त्यांत बंधाऱ्याची लांबी, उंची आणि पाण्याचा सांठा लिटरांत दिला असून, पाटीवर नांव कसें घालावें याची विचारणा केली आहे.