रेकॉर्डसोबत पट्टी लिहून द्या

शास्त्रीय गाणं शिकणारी एक मुलगी परवा आजीची पेटी घेऊन माझ्या मिरजेच्या दुकानात आली. भाता फाटला होता, दोन सूर मुके झाले होते. काम सांगून झाल्यावर तिनं जरा संकोचत विचारलं, ‘‘काका, काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधली पट्टी या पेटीत लावून मिळेल का?’’ कशासाठी, म्हटलं. तर ती एक जुनं नाट्यपद फोनवर ऐकून बसवत होती आणि त्याचा सा तिला कुठल्याच पट्टीत सापडत नव्हता. काळी एक धरली की गाणारा चढा वाटायचा, पांढरी दोन धरली की उतरलेला. शेवटी तिनं ते त्या मधल्याच सुरात बसवलं होतं आणि आता पेटीही त्याच सुराला हवी होती.

मी ते पद ऐकलं. मागे ऑर्गन वाजत होता, आणि ऑर्गनला मधली पट्टी नसते. त्या काळच्या ऑर्गनचा मूळ सूर आजच्या पेटीपेक्षा थोडा खाली-वर असू शकतो, हे मी धरून चालतो. पण इथं आवाजही पातळ झाला होता आणि शब्दही घाईत येत होते. तीच रेकॉर्ड माझ्याकडे आहे. ती लावली, वेग थोडा उतरवला आणि गाणं जागेवर आलं. ज्यानं कुणी ते फोनवर चढवलं होतं, त्यानं 78 चं बटण दाबून रेकॉर्ड उतरवली होती. त्यापलीकडे काही बघायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नसावं.

पेट्या दुरुस्त करणं हा माझा धंदा आणि जुन्या रेकॉर्डी संगणकावर उतरवून देणं हा जोडधंदा. दोन्हीकडून मला एकच गोष्ट दिसते. गायकाची पट्टी हा त्याच्या गाण्याचा भाग असतो, आणि आपण ती बेफिकिरीनं बदलून पुढच्या पिढीच्या हातात देतो आहोत. जो कुणी जुनं गाणं प्रसिद्ध करतो, मग ती कंपनी असो, आकाशवाणी असो की हौशी संग्राहक, त्यानं ते कोणत्या वेगानं उतरवलं आणि कोणत्या पट्टीत ऐकू येतं, एवढं लिहिलंच पाहिजे.

लोकांना वाटतं, 78 ची रेकॉर्ड म्हणजे मिनिटाला 78 फेरे, विषय संपला. तसं नाही. ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग नोव्हेंबर 1902 मध्ये कोलकात्यात आला आणि त्यानं गायिका गौहरजानचं गाणं मेणाच्या तबकडीवर घेतलं, तेव्हा 78 हा आकडा ठरलेलाच नव्हता. ध्वनिमुद्रणाचं यंत्र खाली सरकणाऱ्या वजनावर फिरायचं आणि ते किती वेगानं सोडायचं हे मुद्रण करणाऱ्याच्या हातात असायचं. कुणी 72 वर घेतलं, कुणी 76 वर, कुणी 80 च्या पुढे. 1925 नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि मग हळूहळू सगळे 78 च्या आसपास स्थिरावले. घरातल्या चावीच्या ग्रामोफोनला वेग कमी-जास्त करायचा खटका असायचा तो याचसाठी. ऐकणारा कानानं वेग लावून घ्यायचा. आजच्या बहुतेक यंत्रांत तो खटका गेला आणि त्याबरोबर कान देण्याची सवयही गेली.

हिशेब सोपा आहे. वेग सुमारे सहा टक्के वाढला की सूर एक पट्टी चढतो. 74 फेऱ्यांवर घेतलेली रेकॉर्ड 78 वर वाजवली, तर काळी एकमधला गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो आणि 3 मिनिटं 10 सेकंदांची चीज 3 मिनिटांत संपते. ते दहा सेकंद कुठून गेले? प्रत्येक मिंडेतून, प्रत्येक विरामातून थोडे थोडे. स्वरावरचा कंप घाईचा होतो, तान आहे त्यापेक्षा जलद होते, आणि आवाजाचा पोत बदलून पन्नाशीचा गायक तिशीचा वाटायला लागतो. पुरुष गायकांच्या जुन्या रेकॉर्डी ऐकून ‘त्या काळी आवाज बायकी लावायची पद्धत होती’ असं बोलणारे मी बरेच ऐकले आहेत. काहींचे आवाज मुळातच उंच होते, हे खरं. पण त्यात किती वाटा गळ्याचा आणि किती यंत्राचा, हे तपासल्याशिवाय असं बोलू नये. तीच गोष्ट तानांची. आजची मुलं जुन्या रेकॉर्डीतल्या तानेचा वेग गाठायला छाती फोडतात. गाठायचा वेग तरी खरा असू द्या.

हे मी मिरजेत बसून लिहितो आहे, आणि त्याची मला जास्तच टोचणी आहे. शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. क्लेमंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं त्यांना साथ दिली आणि मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावर ते स्वर पडताळले गेले. श्रुतींची पेटीसुद्धा बनवली. देवलांची सगळी गणितं सगळ्यांना पटली नाहीत, अजूनही पटत नाहीत, पण ही माणसं किती बारीक अंतरासाठी भांडत होती ते बघा. त्यातली सर्वांत लहान श्रुती म्हणजे 81 ला 80 हे प्रमाण, सव्वा टक्का. 78 च्या रेकॉर्डवर सव्वा टक्का म्हणजे मिनिटाला एक फेरा. वेग बदलला की सगळे स्वर एकत्र सरकतात, त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं, त्यामुळे श्रुतींचा वाद रेकॉर्डच्या वेगानं बिघडत नाही. तरीही ज्या भागात माणसं एका फेऱ्याएवढ्या फरकासाठी वर्षानुवर्षं झिजली, तिथल्याच गायकाच्या रेकॉर्डी चार-चार फेऱ्यांच्या चुकीनं फिरत राहाव्यात, हे मला सहन होत नाही.

खरा वेग कळतो कसा, असं लोक विचारतात. पूर्ण खात्रीनं दर वेळी कळत नाही, पण बरंच जवळ जाता येतं. आधी माझं यंत्र खरंच 78 नं फिरतंय का ते पाहतो. त्यासाठी 77 रेघांची कागदी चकती मिळते. ती रेकॉर्डवर ठेवायची आणि जुन्या ट्यूबलाइटखाली बघायचं. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे दिवा शंभरदा उजळतो आणि वेग बरोबर असला की रेघा थांबल्यासारख्या दिसतात. पुढे सरकल्या तर यंत्र जलद, मागे सरकल्या तर हळू. बऱ्याचशा एलईडी दिव्यांखाली हे नीट दिसत नाही, म्हणून एक जुनी ट्यूबलाइट मी मुद्दाम जपून ठेवली आहे. मग रेकॉर्ड लावायची. तिच्या मधल्या भागात लेबलाजवळ कोरलेला मॅट्रिक्स नंबर वाचायचा. लागोपाठचे नंबर बहुतेक एकाच बैठकीतले, त्याच साथीदारांचे. त्या सगळ्या रेकॉर्डींत पेटी तीच असेल तर तिचा सूर सगळीकडे तोच निघाला पाहिजे, कारण गायक घसा बसला म्हणून पट्टी उतरवेल, पेटीची पाती एका दुपारी उतरत नाहीत. सुरुवातीचा सा आणि शेवटचा सा जुळतो का ते पाहायचं. त्याच गायकाची पुढच्या काळातली, विजेवर घेतलेली रेकॉर्ड शेजारी लावायची. आणि शेवटी आवाज ऐकायचा. माणसाचा आवाज जागेवर आला की ‘आ’कार उघडा होतो, सानुनासिकपणा गळतो, श्वास घेतल्याचा आवाज माणसाच्या छातीएवढा वाटतो. हे मोजता येत नाही, पण फार वर्षं ऐकणाऱ्याला कळतं. एवढं करूनही शंका उरली तर मी कागदावर ‘अंदाजे 75’ असं लिहून देतो.

‘एवढा खटाटोप ऐकतंय कोण’ असं म्हणणाऱ्यांना मी अमेरिकेतलं उदाहरण देतो. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जॅझमधली जगभर गाजलेली रेकॉर्ड. 2 मार्च 1959 च्या बैठकीत ध्वनिमुद्रणाचं मुख्य यंत्र किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना विकताना थोड्या चढ्या सुरात गेल्या. तीसेक वर्षं जगभरचे वादक त्या चढ्या सुराशी वाद्यं जुळवत बसले. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर घेतलेली टेप शाबूत होती, तिच्यावरून 1992 मध्ये चूक दुरुस्त झाली आणि कंपनीनं ती जाहीरपणे सांगितली. ती चूक पाव पट्टीच्या घरातली होती. आपल्याकडे एका नामांकित संचात एकाच गायिकेची, एकाच सुमाराची दोन पदं लागोपाठ पाऊण पट्टीच्या फरकानं ऐकू येतात आणि पुस्तिकेत वेगाबद्दल अवाक्षर नाही. मी पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं नाही.

आणि केसरबाई केरकरांची भैरवी. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेचा आवाज व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोन्याच्या तबकडीत आहे. ती तबकडी मिनिटाला 16⅔ फेऱ्यांनी वाजवायची आहे, आणि पाठवणाऱ्यांनी तिच्या वेष्टनावर चित्रातून लिहून ठेवलं आहे की एका फेऱ्याला 3.6 सेकंद लागले पाहिजेत. सेकंद म्हणजे काय हे तिथल्या कुणाला माहीत असणार नाही, म्हणून हायड्रोजनच्या अणूतल्या बदलाचा काळ हे माप धरून हिशेब दिला आहे. कुणाला सापडेल याची काही खात्री नसलेल्या तबकडीसाठी एवढी काळजी घेतली. आपल्या नातवंडांसाठी निदान एक आकडा लिहायला काय हरकत आहे?

वेग बदलूच नये, असं मी मुळीच म्हणत नाही. जुन्या रेकॉर्डप्लेअरवर 16, 33, 45, 78 असे चार वेग असायचे. शिकणारी मंडळी लाँगप्ले 33 ऐवजी 16 वर लावायची, सा बरोबर खालच्या सप्तकात यायचा आणि तानेतली एकेक जागा मोकळी दिसायची. आता फोनवर सूर न हलवता वेग निम्मा करता येतो. रियाजाला ती फार मोठी सोय आहे. तिची मर्यादा तेवढी ओळखून असावं: निम्म्या वेगावर तबल्याचा ‘ना’ फाटल्यासारखा, दुहेरी वाजतो आणि व्यंजनं चिकटतात, कारण यंत्र मूळ आवाजाचे बारीक तुकडे करून ते ताणून जोडत असतं. म्हणून मी मुलांना सांगतो, स्वर बघायला हळू करा, ठेका ऐकायला मूळ वेगावर या. कराओकेचा ट्रॅक कुणी आपल्या गळ्यासाठी दोन पट्ट्या खाली आणला तर तेही रास्तच, कारण तो ट्रॅक आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

माझं भांडण न सांगता केलेल्या बदलाशी आहे. पूर्वी टीव्हीवर सिनेमा लागायचा तेव्हा सेकंदाला 24 चौकटींचं चित्र 25 नं पळवलं जायचं. तीन तासांचा सिनेमा सात मिनिटं लवकर संपायचा आणि त्यातली गाणी पाऊण पट्टीच्या आसपास चढायची. त्या प्रती आजही इंटरनेटवर आहेत आणि मुलं त्यांनाच मूळ समजतात. हल्ली काही जण कॉपीराइट पकडणाऱ्या यंत्रणेला गाणं ओळखू येऊ नये म्हणून ते मुद्दाम थोडं चढवून किंवा उतरवून टाकतात, आणि खाली मात्र ‘ओरिजिनल’ असं लिहितात. रीलवाले गाणं मंद करून त्यावर घुमारा चढवतात. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूनं नव्वदच्या दशकात हेच करून एक वेगळी शैली उभी केली, तिचे चाहते आहेत, असू देत. पण त्यानं आपल्या टेपवर स्वतःचं नाव लावलं होतं. ऐकणाऱ्याला कळत होतं की हा स्क्रूचा हात आहे. आपल्याकडे भावगीत मंद करून टाकणारा खाली फक्त मूळ गायिकेचं नाव लिहितो आणि तिच्या नावावर तिचा नसलेला आवाज फिरतो. ती आता सांगायला नाही.

त्या मुलीचं पद आम्ही दुकानातच काळी एकमध्ये घेऊन पाहिलं, आणि ज्या जागेवर तिचा गळा दर वेळी आवळायचा, तिथून ती सहज पुढे गेली. एवढ्याशा दुरुस्तीसाठी नवा कायदा लागत नाही, मोठा खर्च लागत नाही. संचाच्या पुस्तिकेत एक ओळ, व्हिडिओखाली एक ओळ. सोबत कसलीही सुधारणा न केलेली, फक्त उतरवलेली प्रत वेगळी जपून ठेवावी, म्हणजे उद्या कुणाला अधिक चांगला पुरावा सापडला तर तो पुन्हा हिशेब करू शकेल. संगीत महाविद्यालयांनी आणि आकाशवाणीनं हे आधी सुरू करावं. त्यांच्याकडे रेकॉर्डीही आहेत आणि जाणकारही.

ज्यांच्या माळ्यावर आजोबांची पेटी आणि रेकॉर्डींची गठडी आहे, त्यांनी ती भंगारात देऊ नये. रेकॉर्ड पुसायला स्पिरिट वापरू नका. ती लाखेची असते, स्पिरिटनं विरघळते. मऊ कोरडं फडकं पुरे. आडव्या रचून वर ओझं ठेवू नका, उभ्या ठेवा. कागदी पाकीट आणि त्यावरची दुकानदाराची शिक्का-तारीख फेकू नका, काळ ठरवायला ती उपयोगी पडते. आणि कुणाकडून उतरवून घ्याल तेव्हा फाइलच्या नावातच दोन गोष्टी लिहून मागा: किती फेऱ्यांवर उतरवली, आणि सा कुठल्या पट्टीत आला.